लेड ॲप्रन कुठे चालतो, कुठे नाही: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी किरणोत्सर्ग-सुरक्षा

नर्सिंगच्या वर्गात किरणोत्सर्गाचा धडा बहुतेक वेळा ‘वेळ, अंतर, आडोसा’ या तीन शब्दांवर आटोपतो. शब्द बरोबर आहेत, पण वॉर्डात ते वापरायचे तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: किरण येताहेत कुठून? मशीनमधून, बंद डबीतल्या स्रोतातून, की पेशंटच्या अंगातून? तिन्ही ठिकाणी वागायची रीत वेगळी आहे. मशीनजवळ लेड ॲप्रन हा खरा आधार असतो, पण औषध म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या पेशंटजवळ तोच ॲप्रन जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हे माहीत नसलं की पोर्टेबल एक्सरे आला म्हणून व्हेंटिलेटरवरचा पेशंट सोडून थेट जिन्यापर्यंत पळणं घडतं, आणि आयोडीन वॉर्डातली युरोबॅग (लघवीची पिशवी) उघड्या हाताने रिकामी करणंही घडतं.

ज्यात असे किरण नाहीतच, ते आधी बाजूला काढू. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी असतात, तिथे लेड ॲप्रनचा काही संबंध नाही. एमआरआयचा धोका वेगळा आणि फार मोठा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला पेशंटचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला गेला आणि दगावला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. सिलिंडर, कात्री, स्टेथोस्कोप, साधी व्हीलचेअर, यांतलं काहीही आत न्यायचं नाही.

आकडे किती, मर्यादा किती

माणसाच्या शरीराला बसणारा डोस मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. एक मिलीसिव्हर्ट म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट. माती, हवा, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतोच, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. छातीच्या साध्या एक्सरेत पेशंटला सुमारे ०.०२ मिलीसिव्हर्ट मिळतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ८ ते १० मिलीसिव्हर्ट, म्हणजे छातीच्या चारशे-पाचशे एक्सरेंइतका. ‘एक्सरे नको, सीटीच करून टाका’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना हा एवढा एक आकडा सांगितला तरी पुरतो.

भारतात नियम घालून देणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, सगळे जिला एईआरबी म्हणतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरणोत्सर्गाच्या कामावर अधिकृतपणे नेमलेल्या कर्मचाऱ्याला सलग ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलीसिव्हर्ट, ही मर्यादा आहे. १६ ते १८ वयाच्या प्रशिक्षणार्थींना वर्षाला ६. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १. वॉर्डात पोस्टिंग असलेली विद्यार्थिनी अशा कामावर नेमलेली नसते, म्हणून स्वतःसाठी १ हाच आकडा धरून चालावं. पुढे सांगितलेली रीत पाळली तर वॉर्डातल्या कामात त्याच्या जवळपासही जाण्याचं कारण नाही.

पोर्टेबल एक्सरे: दोन मीटर मागे, पण पेशंट नजरेत

एक्सरे मशीनमधून किरण बटण दाबलेलं असेपर्यंतच निघतात. बटण सुटलं की संपलं. खोलीत, चादरीत, सलाईनच्या बाटलीत किंवा जेवणाच्या ताटात काही उरत नाही, पेशंटही किरणोत्सर्गी होत नाही. वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावं लागतं ते हेच.

तुमच्यापर्यंत पोहोचतात ते मुख्यतः पेशंटच्या अंगावर आदळून विखुरलेले किरण, ज्यांना स्कॅटर म्हणतात. छातीच्या पोर्टेबलमध्ये पेशंटच्या त्वचेवर साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रे पडतो (एक्सरेच्या हिशेबात एक मिलिग्रे साधारण एक मिलीसिव्हर्ट धरा). एक मीटरवर स्कॅटर त्याच्या सुमारे हजारावा भाग असतो आणि अंतर दुप्पट केलं की तो चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे दोन मीटरवर उभ्या असलेल्या सिस्टरला एका एक्सरेमागे मिळतो तो डोस निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्या डोसच्या शंभराव्या भागाहूनही कमी. वॉर्ड सोडून जाण्याची गरज नाही. मशीनच्या बटणाची वायरही किमान दोन मीटर असावी लागते, तेवढं अंतर टेक्निशियनलाही हवंच असतं.

उभं राहायची जागा मात्र नीट निवडा. झोत ज्या दिशेने जातो त्या रेषेत, म्हणजे प्लेटच्या पलीकडे, कधीही उभं राहू नका. ट्यूब, म्हणजे मशीनचा किरण सोडणारा भाग, वरून खाली रोखलेली असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. पेशंटला कुशीवर झोपवून आडवा झोत घेतात तेव्हा मात्र समोरच्या खाटेवर कोण आहे ते आधी पाहा. जनरल वॉर्डात खाटा जवळजवळ असतात. शेजारचा पेशंट चालता-फिरता असेल तर त्याला मिनिटभर बाजूला घ्या. शेजारी गरोदर बाई असेल तर हे आठवणीने करा, ती न विचारता घाबरलेली असते. कापडी पडद्याने किरण अडत नाहीत, ही आठवण नव्या विद्यार्थ्यांना हमखास द्यावी लागते.

नर्सचं खरं योगदान मात्र स्वतःला वाचवण्याच्या आधीच सुरू होतं. एक्सरे वाया गेला की तो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे पेशंटला दुप्पट डोस. वाया जाण्याची कारणं बहुतेक वेळा आपल्या हातातली असतात: छातीवर आलेली वेणी, मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, ईसीजीच्या वायरी, ऑक्सिजनच्या नळीची गाठ, गाऊनची धातूची बटणं. टेक्निशियन यायच्या आधी हे बाजूला करून ठेवा. ईसीजीची इलेक्ट्रोड काढता येत नसतील तर निदान वायरी फुप्फुसांवरून सरकवून खांद्यावर घ्या. हातातला पट्टा वाचून नाव आणि आयपीडी नंबर फॉर्मशी जुळवा. एकाच नावाचे दोन पेशंट एका वॉर्डात असणं आपल्याकडे नवलाचं नाही, आणि चुकीच्या माणसाचा एक्सरे म्हणजे विनाकारण दिलेला डोस. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारा. हे एकांतात विचारा, सासूच्या किंवा नवऱ्याच्या देखत विचारलं तर उत्तर खरं येईलच असं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना सांगून गरोदरपणाची तपासणी होऊ द्या. तातडीची गरज असेल तर निर्णय डॉक्टरांचा. विचारायचं काम मात्र तुमचं.

पेशंट धरायची वेळ आली तर? लहान मूल, बेशुद्धीतून सावरणारा म्हातारा, फिट्स येणारा रुग्ण अशा वेळी आधी उशी, वाळूची पिशवी, पट्टा, चादरीची घडी वापरून पाहा. तेवढ्यानेही जमलं नाही तर नातेवाइकाला ॲप्रन घालून धरायला सांगा. तो १८ वर्षांवरचा असावा आणि बाई असेल तर गरोदर नसावी. रोज ड्युटीवर असणाऱ्या सिस्टरने किंवा विद्यार्थिनीने प्रत्येक मूल धरायचं, ही सवय लागू देऊ नका. आईला एकदा थोडा डोस मिळतो, सिस्टरला तो वर्षभर मिळत राहतो. धरायचंच झालं तर बोटं झोताच्या चौकोनाबाहेर ठेवा. दिव्याचा उजेड जिथपर्यंत पडतो तो चौकोन म्हणजेच झोत. तोंड बाजूला वळवा, हात लांब ताणा.

ॲप्रन कसा निवडायचा आणि सांभाळायचा

रेडिओलॉजीत आणि ओटीत दिसणाऱ्या ॲप्रनची जाडी शिशाच्या ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटरइतकी धरलेली असते, लेबलवर लिहिलेली असते. एक्सरेच्या स्कॅटरपैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग ०.५ चा ॲप्रन अडवतो. थेट झोतात उभं राहण्यासाठी तो नाही. मापाचा घ्या: काखेची भोकं मोठी असली की छातीची बाजू उघडी राहते. थायरॉइड कॉलर मिळत असेल तर तोही घाला. फक्त पुढून झाकणारा ॲप्रन असेल तर किरण चालू असताना पाठ फिरवू नका. ट्रॉलीकडे वळून इंजेक्शन भरताना नेमकं हेच विसरायला होतं.

काढल्यावर तो हँगरवर लावा. खुर्चीच्या पाठीवर टाकणं, घडी घालणं, त्यावर बसणं यांनी आतल्या शिशाच्या थराला भेगा पडतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा तरी फ्लोरोस्कोपीखाली, म्हणजे सलग चालणाऱ्या एक्सरेखाली, तपासायच्या असतात. रक्त लागलं तर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. ऑटोक्लेव्ह करायचा नाही.

कॅथ लॅब, सी-आर्म आणि सीटी

पोर्टेबलमध्ये बटण क्षणभर दाबलं जातं. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्सरेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालतात तिथे, पेडल मिनिटन्‌मिनिटं दाबलेलं असतं. नर्सला डोस मिळण्याची खरी शक्यता असलेली मशीनची जागा हीच. बहुतेक वेळा ट्यूब टेबलाखाली असते आणि वर डिटेक्टर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, असतो. किरण खालून पेशंटच्या अंगात शिरतात, म्हणून स्कॅटर खालच्या बाजूला, पायांच्या पातळीवर सर्वांत जास्त असतं. टेबलाच्या कडेला लटकणारी शिशाची झालर त्यासाठीच असते. ती कोणी वर गुंडाळून ठेवली असेल तर खाली सोडा. सी-आर्म (ट्यूब आणि डिटेक्टर धरणारा इंग्रजी C आकाराचा दांडा) तिरका केला की जी बाजू ट्यूबची, ती जास्त धोक्याची. जागा निवडता येत असेल तर डिटेक्टरच्या बाजूला उभ्या राहा.

औषध द्यायला किंवा लाइन बघायला पेशंटजवळ जायचं असेल तर आधी मोठ्याने सांगा: “सर, मी आत येतेय, जरा थांबता का?” पेडल सुटलं की जा, काम करा, मागे या, आणि “झालं” म्हणा. विद्यार्थिनींना डॉक्टरांना थांबायला सांगायचा संकोच वाटतो हे खरं आहे, पण अनुभवी सर्जन याची वाट पाहतात. छतावरून लटकणारी काच डॉक्टरसाठी आणलेली असली तरी तिच्या सावलीत तुम्हीही उभ्या राहू शकता.

सीटीत स्कॅनच्या वेळी सगळे बाहेर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसोबत आत थांबणं अगदीच भाग असेल तर ॲप्रन आणि कॉलर घाला आणि मशीनच्या गोल तोंडासमोर न थांबता त्या गोल कड्याच्या बाजूला जा. स्कॅटर जास्त येतं ते तोंडाच्या दोन्ही दिशांना. बाजूला मशीनच्याच जाड अंगाचा आडोसा मिळतो.

टीएलडी बॅज

टीएलडी बॅज, म्हणजे किरणांच्या कामावरच्या लोकांनी छातीवर लावलेली ती चपटी डबी, डोस मोजते. अडवत काहीच नाही. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, त्यांवर पडलेला डोस प्रयोगशाळेत तापवून वाचतात. सहसा तीन महिन्यांनी कार्ड बदललं जातं. लेड ॲप्रन घातला तर बॅज ॲप्रनच्या आत, छातीच्या पातळीवर. ड्युटी संपली की ठरलेल्या जागी ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात नको. स्वतःचा एक्सरे काढायचा असेल तर बॅज काढून ठेवा, नाहीतर पेशंट म्हणून मिळालेला डोस कामाच्या खात्यात जमा होतो. मैत्रिणीचा लावू नका. कार्ड डब्यात सरळ बसलं आहे ना ते पाहा, उलटं बसलं तर चकत्या आणि त्यांवरचे फिल्टर जुळत नाहीत आणि वाचन चुकतं. कॅथ लॅब, रेडिओथेरपी किंवा न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये लांब पोस्टिंग असेल तर पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरांना बॅजबद्दल विचारा. रुग्णालयाच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरचं, म्हणजे आरएसओचं, नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या. पुढे जे येतंय त्यात तो नंबर लागणार आहे.

पेशंटच स्रोत असतो तेव्हा

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये औषध म्हणून किरणोत्सर्गी द्रव्य अंगात जातं आणि बंद करायला बटण नसतं. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून हे उपचार होत आले आहेत, आता राज्यातल्या अनेक शहरांत होतात. त्यामुळे असा पेशंट तुमच्या साध्या वॉर्डातही परत येऊ शकतो.

कोणतं द्रव्य दिलं आहे ते आधी विचारा. हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. पेट स्कॅनचं फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. थायरॉइडचं आयोडीन-१३१ मात्र ८ दिवसांनी. टेक्नेशियम दिलेला पेशंट दुसऱ्या दिवशी जवळपास नेहमीसारखा असतो. आयोडीन दिलेला नसतो.

इथे ॲप्रन का चालत नाही? पेटचे आणि आयोडीनचे गॅमा किरण एक्सरेपेक्षा कितीतरी जोरकस असतात, अर्ध्या मिलिमीटर शिशातून ते जवळपास सगळेच पार होतात. पाच-सहा किलोचा ॲप्रन अंगावर घेऊन हालचाल मंदावते आणि पेशंटजवळचा वेळ वाढतो, म्हणजे तोटाच. इथे कामाला येतं अंतर आणि आधी केलेली तयारी. कॅन्युला, साखर तपासणं, संमतीचा फॉर्म, लघवीला नेऊन आणणं, स्कॅन समजावून सांगणं, जे काही इंजेक्शनच्या आधी होऊ शकतं ते सगळं आधी उरका. रक्ताचे नमुने घ्यायचे असतील आणि थांबता येत असेल तर दुसऱ्या दिवशी घ्या. खुर्ची पेशंटच्या डोक्याशी न ठेवता खाटेच्या पायथ्याशी ठेवा. गप्पा मारायला हरकत नाही, दोन मीटरवरून.

आयोडीनचा मोठा डोस घेतलेल्या पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात, तिचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठवून मगच सोडतात. आयोडीन मुख्यतः लघवीतून, बरंचसं पहिल्या दोन दिवसांत बाहेर पडतं. घाम आणि लाळेतही येतं. म्हणून दोन हातमोजे, शू-कव्हर, लांब बाह्यांचा गाऊन. पुरुषांनीही बसून लघवी करावी आणि फ्लश दोनदा करावा, हे पेशंटला दाखल करतानाच सांगा. जेवणाचं ताट दारात ठेवा, उरलेलं अन्न आणि चादरी आरएसओने मोजून ‘सोडा’ म्हणेपर्यंत खोलीतच. मोबाइल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, नाहीतर लाळ आणि घाम लागलेला फोन घरी जातो. गरोदर नर्स किंवा विद्यार्थिनीने या खोलीत काम करायचं नाही.

आयोडीन घेतल्यावर पेशंटला उलटी झाली तर पुसायला धावू नका. वर शोषकागद किंवा टॉवेल टाका, कोणाला त्यावरून चालू देऊ नका, जिथे आहात तिथेच थांबा (बूट घालून कॉरिडॉरभर फिरलात तर सगळीकडे पसरेल) आणि आरएसओला फोन करा. नंतर पुसायचं ते बाहेरच्या कडेकडून मधे. हाताला लागलं असेल तर कोमट पाणी आणि साबण. जोरात घासू नका, त्वचा सोलली की द्रव्य आत जातं.

आणि या पेशंटचं हृदय थांबलं तर? सीपीआर करा. ३.७ गीगाबेकरेल, म्हणजे १०० मिलिक्युरी, आयोडीन नुकतंच घेतलेल्या पेशंटपासून एक मीटरवर तासाला सुमारे ०.२ मिलीसिव्हर्ट मिळतो. अगदी जवळून दहा-पंधरा मिनिटं काम केलं तरी डोस एखाद्या मिलीसिव्हर्टच्या आसपासच राहतो. जीव वाचवण्यासाठी हे स्वीकारायचं असतं. हातमोजे घाला, माणसं बदलत राहा, तोंडाने श्वास देऊ नका, अंबू बॅग वापरा.

बंद स्रोत: ब्रेकीथेरपीची खोली

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी इरिडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत तारेच्या टोकाला लावून काही मिनिटांसाठी शरीरात पाठवतात आणि मशीन तो परत ओढून घेतं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इंडियाना गावी हा स्रोत तुटून एका वृद्ध बाईच्या शरीरातच राहिला. खोलीतला अलार्मचा दिवा लाल लुकलुकत होता. तो बिघडलाय असं समजून कोणी हातातल्या मीटरने तपासलं नाही आणि पेशंटला नर्सिंग होमला परत पाठवलं. पाच दिवसांनी ती वारली. त्याआधी स्रोतासकट नळी बाहेर पडली होती, ती कचऱ्यात गेली आणि पुढे कचऱ्याच्या तपासणीत सापडली. तोवर तिथली माणसं किरण झेलत राहिली.

म्हणून अशा खोलीत ही रीत: उपचार संपला की आत जाण्यापूर्वी दारावरचा दिवा आणि अलार्म बघा. पेशंटला टेबलावरून हलवण्याआधी पेशंटच्या अंगावरून मीटर फिरवला गेला की नाही हे डोळ्यांनी पाहा. अलार्म वाजत असेल तर ‘मशीनच बिघडलंय’ हे ठरवायचा अधिकार मीटरने मोजणाऱ्यालाच. चादरीत, बेडपॅनमध्ये, ड्रेसिंगमध्ये धातूची तार किंवा दाणा दिसला तर हात लावू नका. लांब चिमट्याने उचलून खोलीतल्या शिशाच्या डब्यात टाकायचं काम प्रशिक्षित माणसाचं. तुमचं काम पेशंटला आणि इतरांना दूर नेणं, वेळ लिहिणं आणि फोन करणं.

गरोदर असाल तर, आणि ड्युटी बदलताना

दिवस राहिल्याची खात्री झाली की इन्चार्जना लेखी कळवा, तीन महिने थांबू नका. भारतात अशा कामावरच्या गरोदर कर्मचाऱ्याने कळवल्यापासून बाळंतपणापर्यंत गर्भाला १ मिलीसिव्हर्टहून जास्त डोस मिळता कामा नये. कळवलंच नाही तर ही मर्यादा लागू करायला कोणाला आधार राहत नाही. पोर्टेबल एक्सरेच्या वॉर्डात तुम्ही दोन मीटर मागे राहून काम करू शकता. आयोडीन वॉर्ड, ब्रेकीथेरपी आणि कॅथ लॅब इथून बदली मागा.

ड्युटी बदलताना अशा पेशंटच्या हँडओव्हरमध्ये एवढं तरी असावं: काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, युरोबॅग कधी बदलली आणि ती कुठे ठेवली आहे, आरएसओने शेवटचं मोजमाप कधी केलं आणि किती आलं, नातेवाइकांना किती अंतरावर बसायला सांगितलं आहे. ‘न्यूक्लिअर पेशंट, जपून’ एवढंच लिहून सही करू नका, रात्रपाळीच्या सिस्टरला त्यातून काहीच कळत नाही.